अर्धा गार, अर्धा गरम

चार वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही तिघे नागपूरहून चिखलदऱ्याला निघालो होतो. पहाटे चारला निघालेल्या गाडीत काचा वर करून हीटर लावावा लागला. थोड्या वेळाने लक्षात आले की गाडी चालवणाऱ्या स्नेह्यांच्या अंगावर छान ऊबदार वारा येतो आहे आणि त्यांच्या डाव्या हाताला बसलेल्या माझ्या गुडघ्यांवर मात्र गार. बटणे फिरवून झाली, जाळ्या इकडेतिकडे वळवून झाल्या. फरक पडेना.

परतवाड्याला चहासाठी थांबलो तेव्हा शेजारच्या गॅरेजमधल्या मिस्त्रींना गाडी दाखवली. त्यांनी इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडले आणि इंजिनाकडून गाडीच्या आत जाणाऱ्या दोन रबरी नळ्यांना एकेक हात लावला. एक हात चटकन मागे घेतला, दुसरा तसाच ठेवला. मग म्हणाले, "काय सर, रेडिएटरमंदी बोरचं पाणी टाकता काय?" आमच्या स्नेह्यांनी मान खाली घातली.

त्या दोन बोटांच्या तपासणीमागचे विज्ञान सोपे आहे. गाडीच्या हीटरला वेगळी शेगडी नसते. पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते, तिचा थोडाच भाग चाके फिरवण्याच्या कामी येतो. बराचसा भाग धुराबरोबर आणि इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्याबरोबर वाया जातो. त्या ऐंशी-नव्वद अंशांच्या पाण्याचा एक फाटा डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमधून फिरवला आणि त्यावर पंख्याने हवा सोडली की झाला हीटर. दोन नळ्यांपैकी एकीतून गरम पाणी आत जाते, दुसरीतून बाहेर येते. दोन्ही नळ्या चांगल्या तापलेल्या असूनही एका बाजूला वारा गार येत असेल, तर पाणी ठीक आहे. हवेच्या वाटेतली एखादी झडप किंवा ती फिरवणारी छोटी मोटर अडकली आहे. दोन्ही कोमट असतील तर इंजिनच पुरते तापत नाही, किंवा पाणी कमी होऊन नळीत हवा अडकली आहे. आणि एक पोळते, दुसरी कोमट, असे असेल तर छोट्या रेडिएटरमधून पाणी नीट वाहत नाही. त्याच्या बारीक नळ्यांपैकी काही गाळाने बुजल्या आहेत. उघड्या राहिलेल्या नळ्यांच्या बाजूची हवा तापते, बुजलेल्या बाजूची तशीच थंड येते.

नागपुरात हीटरची गरज वर्षातून पंधरा-वीस दिवस. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, पण ती बातमी व्हावी इतकी अपूर्वाईची गोष्ट. आमच्या गावाची खरी ओळख मे महिन्यातली. २३ मे २०१३ रोजी येथे ४७.९ अंश तापमान नोंदले गेले. त्यामुळे 'हीटर एका बाजूने गार' हा दोष येथे फारसा कोणाला ठाऊक नाही. त्याचा उलटा दोष मात्र घरोघरी ठाऊक आहे: कूलर एका बाजूने गरम वारा फेकतो. त्या दिवशी परतवाड्याहून पुढे जाताना माझ्या मनात एका परीक्षा-दालनातला असाच एक कूलर घोळत होता.

एका महाविद्यालयात एप्रिलमध्ये मी बहिःस्थ परीक्षक म्हणून गेलो होतो. लेखी परीक्षेच्या दालनात खिडकीला एकच मोठा कूलर. त्याच्या समोर उजवीकडे बसलेली मुले निवांत लिहीत होती, डावीकडची पुठ्ठ्याने वारा घेत होती. आदल्या दिवशी डावीकडचीच एक मुलगी चक्कर येऊन पडली होती आणि तिचा पेपर अर्धा राहिला होता. पुरवठादाराचा माणूस येऊन पंप बदलून गेला होता, ताट्याही नव्या घातल्या होत्या. दोष होता तसाच. तो कसा सापडला ते पुढे सांगतो. त्याआधी थोडे मागे जायला हवे, कारण पाण्याने हवा थंड करण्याची युक्ती जितकी जुनी, तितकीच ही एका बाजूची अडचणही जुनी आहे.

अकबराच्या दरबाराची हकिगत लिहिणाऱ्या अबुल फज़लने 'आईन-इ-अकबरी'त वाळ्याच्या मुळांपासून बांधलेल्या खोल्यांचा उल्लेख केला आहे. त्यांवर पाणी शिंपडले की भर उन्हाळ्यात हिवाळा अवतरतो, अशा अर्थाचे त्याचे वर्णन आहे. ओल्या वस्तूवरून वारा गेला की गारवा येतो, हे माठ वापरणाऱ्या कोणालाही शिकवावे लागत नाही. का येतो, हे कळायला मात्र अठरावे शतक उजाडावे लागले. १७५८ साली केंब्रिज येथे बेंजामिन फ्रँकलिन आणि जॉन हॅडली यांनी तापमापीचा फुगा ईथरने पुन्हा पुन्हा भिजवला आणि भात्याने त्यावर वारा घातला. साध्या खोलीत पारा पाण्याच्या गोठणबिंदूच्याही बराच खाली गेला. त्याच सुमारास ग्लासगोला जोसेफ ब्लॅक अप्रकट उष्म्याचा हिशेब मांडत होता. द्रवाची वाफ होताना उष्णता लागते आणि ती कोठून तरी घ्यावीच लागते.

कूलरमध्ये ती हवेकडून घेतली जाते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० जूल उष्णता लागते, आणि एक किलो हवा एका अंशाने थंड व्हायला सुमारे १००० जूल काढून घ्यावे लागतात. म्हणजे एक ग्रॅम पाणी एक किलो हवेला जवळजवळ अडीच अंशांनी थंड करते. पण हवा हवी तितकी वाफ सामावून घेत नाही. मर्यादा कोणती, ते ओल्या फुग्याचा तापमापी सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मनीत अर्न्स्ट आउगुस्ट याने साधा आणि ओल्या कापडात गुंडाळलेला असे दोन तापमापी शेजारी टांगून आर्द्रता मोजण्याची रीत रूढ केली. वर्गात हे सहज करता येते. दोन तापमापी, एक सुती वात, पाण्याची एक वाटी आणि वहीचा पंखा पुरे. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी साधा तापमापी ४४ दाखवत असेल आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओला तापमापी २२-२३ च्या आसपास थांबतो. कोणताही कूलर याच्या खाली जाऊ शकत नाही. चांगला कूलर त्या अंतराचा तीन-चतुर्थांश किंवा थोडा अधिक भाग कापतो, म्हणजे २७-२८ अंशांचा वारा देतो. जुलैत ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असताना ओला तापमापी २८ वर असतो. तेव्हा कूलर म्हणजे नुसता पंखा, आणि अंग चिकट करणारा.

हा सगळा हिशेब ताटी सगळीकडे सारखी ओली असेल तर खरा. इतिहासाच्या पुस्तकांत थंडाव्याचे तत्त्व कोणी शोधले हे सापडते. ताटी सारखी ओली ठेवायला कोणाला किती राबावे लागले, हे फारसे सापडत नाही. मला ही दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते.

कामठीची छावणी १८२१ साली कन्हान नदीकाठी वसली. १८५३ मध्ये तिसरे रघुजी भोसले निपुत्रिक वारले, नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला. साहेब लोकांचे बंगले, कचेऱ्या, बराकी उभ्या राहिल्या आणि त्यांच्या दारा-खिडक्यांना उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्या लागल्या. बांबूच्या चौकटीत विणलेली मुळे, बाहेरून गरम पश्चिमवारा आणि बाहेरच उभा पखालवाला भिस्ती. चामड्याच्या मशकीतून तो ताटीवर पाणी मारी. ताटीचा वरचा भाग आधी वाळतो, कारण पाणी खाली उतरते. एका बाजूला ऊन असेल तर ती बाजू आधी वाळते. भिस्त्याला हे ठाऊक असे. कोठे वाळले ते डोळ्यांनी पाहणे आणि नेमके तेथेच पाणी टाकणे, ही त्याची कारागिरी होती. तो दुपारी जरा सावलीला टेकला की आतल्यांना गरम झळ लागे आणि आरडाओरडा सुरू होई. आत गारवा आणि बाहेर ४४ अंशांत पाणी वाहणारा माणूस, हाही एका बाजूने गरम असण्याचाच प्रकार. त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

शिवाय वारा पडला की ताटी निरुपयोगी. त्यावर उपाय म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उत्तर हिंदुस्थानात 'थर्मँटिडोट' नावाचे एक धूड निघाले. अलाहाबादेत राहिलेल्या फॅनी पार्क्स या इंग्रज बाईंनी १८५० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याची माहिती दिली आहे. खिडकीत बसवलेली मोठी लाकडी पेटी, तिच्या बाजूंना वाळ्याच्या ताट्या, आत धान्य उफणण्याच्या यंत्रासारखी पाती आणि ती फिरवणारा माणूस. पाती फिरली की बाहेरची हवा ताट्यांमधून आत ओढली जाई आणि थंड होऊन खोलीत येई. या वर्णनात माणसाच्या जागी विजेची मोटर घाला. आपल्या घरचा कूलर तयार. म्हणजे कूलर हा विसाव्या शतकातला परदेशी शोध आहे, हा समज तितकासा खरा नाही. त्याचे एक पाऊल तरी आपल्याकडच्या खिडकीतून पडलेले आहे.

१८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपुरात पोचली. वाळ्याच्या ताट्या पहिल्या वर्गाच्या डब्यांच्या खिडक्यांनाही लागल्या. धावत्या गाडीला वाऱ्याची वाण नसते, पाण्याची असते. ताटी पुढच्या स्टेशनापर्यंत वाळून जाई. पुढे १९३४ साली फ्रंटियर मेलच्या डब्यांखाली बर्फाच्या लाद्या ठेवून त्यांवरून हवा खेळवण्यात आली. पण ती श्रीमंतांची सोय होती आणि आपल्या विषयापासून थोडी दूर.

नागपूरचा या इतिहासातला खरा मान वेगळ्याच ठिकाणी आहे, आणि तो गारव्यासाठी नाही, धाग्यासाठी आहे. जमशेटजी टाटांनी जुम्मा तलावाजवळची पाणथळ जमीन भरून घेऊन तेथे सूत व कापडाची गिरणी उभारली. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित केले त्या दिवशी, ती सुरू झाली आणि म्हणून तिचे नाव एम्प्रेस मिल पडले. कापूस वऱ्हाड-नागपूरचा, कोळसा जवळपासचा, रेल्वे दाराशी. हिशेब चोख होता. एक गोष्ट मात्र प्रतिकूल होती, ती म्हणजे हवा. कापसाचा तंतू ओलसर असताना अधिक बळकट असतो. कोरड्या हवेत तो ठिसूळ होतो, घर्षणाने त्यावर विद्युतभार साठतो, तंतू एकमेकांपासून फिसकारतात आणि धागा तुटतो. सूत कातायला साधारण निम्म्याहून थोडी अधिक आणि विणायला त्याहून जास्त सापेक्ष आर्द्रता लागते. लँकेशायरला ही आर्द्रता आभाळ फुकट पुरवीत असे. नागपुरात एप्रिलच्या दुपारी ती वीस टक्क्यांच्याही खाली जाते.

टाटांच्या चरित्रांत असे नमूद आहे की गिरणीत हवा दमट ठेवणारी यंत्रे आणि आग विझवणारे फवारे हिंदुस्थानात प्रथम एम्प्रेस मिलमध्ये बसवले गेले. तेथील व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता हे रेल्वेतून आलेले. त्यांना कापडधंद्याचा अनुभव नव्हता, पण यंत्रांकडे उघड्या डोळ्यांनी पाहण्याची सवय होती. जगाच्या इतिहासातही हवेवर ताबा मिळवण्याची सुरुवात माणसाच्या सुखासाठी झालेली नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. विलिस कॅरियरने १९०२ साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी यंत्रणा आखली, ती कागद फुगू नये म्हणून. 'एअर कंडिशनिंग' हा शब्द १९०६ मध्ये प्रथम वापरला तो स्टुअर्ट क्रेमर याने, तोही अमेरिकेतल्या सूतगिरण्यांच्या संदर्भात. आपली एम्प्रेस मिल त्यांच्याही आधी याच कोरड्या हवेशी झगडत होती.

पाणी सारखे पसरवण्याचा प्रश्न गिरणीत आणखी बिकट होतो. फवाऱ्याच्या तोटीखालच्या मागावर थेंब पडून सूत भिजते, चार खांब पलीकडचा माग कोरडाच राहतो. थेंब जितके बारीक तितके ते हवेत लवकर विरतात, पण बारीक भोके लवकर बुजतात. म्हणून पुढे हवा एका ठिकाणी ओली करून पत्र्याच्या बोगद्यातून सर्व दालनभर नेण्याच्या पद्धती आल्या.

आणि कामगारांचे काय? हवा जितकी ओली तितका घाम वाळत नाही. धाग्याला जे मानवते तेच माणसाला सोसत नाही. इंग्लंडमध्ये विणकरांच्या तक्रारींनंतर १८८९ साली कायदा होऊन कापड कारखान्यांत किती तापमानाला किती आर्द्रता चालेल याचे कोष्टक ठरले, आणि साधा व ओला असे दोन तापमापी शेडमध्ये टांगणे भाग पडले. प्रयोगशाळेतले उपकरण कामगारांच्या बाजूने साक्ष देऊ लागल्याचे हे एक चांगले उदाहरण आहे. शिकवताना अवश्य सांगावे. हिंदुस्थानात टी. मॅलोनी यांचा सूतगिरण्यांतील आर्द्रतेविषयीचा अहवाल १९२३ साली आला, म्हणजे इंग्लंडच्या कायद्यानंतर चौतीस वर्षांनी. एम्प्रेस मिल २००२ मध्ये बंद झाली.

आता पुन्हा घरगुती कूलरकडे. अमेरिकेत अ‍ॅरिझोना व कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी भागांत १९३० च्या दशकात खिडकीतले कूलर घरोघर झाले. विजेची मोटर, छोटा पंप आणि लाकडाच्या बारीक कुरळ्या सालींची, म्हणजे वुडवुलची ताटी. १९३९ साली अ‍ॅरिझोना विद्यापीठाने घरच्या घरी कूलर कसा बांधावा याची पुस्तिकाच काढली. मोटारगाडीच्या खिडकीला बाहेरून टांगायचे नळकांड्याच्या आकाराचे कूलरही तेथे निघाले. त्यात पाणी भरायचे, गाडी धावली की तोंडातून वारा आत शिरायचा आणि ओल्या ताटीतून गार होऊन प्रवाशाकडे यायचा. ज्या खिडकीला ते टांगले तिकडचा प्रवासी सुखी. गाडीतला एका बाजूचा दोष असा हीटरच्याच नव्हे, कूलरच्याही वाट्याला आलेला आहे.

या सगळ्यात नवे होते ते पंप आणि त्याला जोडलेली भोकांची नळी. या दोघांनी मिळून भिस्त्याची जागा घेतली. पंप त्याच्या हातांचे काम करतो. त्याच्या डोळ्यांचे काम मात्र कोणीच करत नाही. नळीच्या प्रत्येक भोकातून सारखे पाणी पडते आहे, हे गृहीतच धरलेले असते.

नागपुरात १९८० च्या दशकात, माझ्या लहानपणी, लोखंडी पत्र्याचे कूलर घरोघर दिसू लागले होते. त्याआधी खिडकीला वाळ्याचा पडदा आणि दुपारी त्यावर तांब्याने पाणी मारण्याची मुलांची पाळी. मार्च लागला की गच्चीवरून कूलर उतरवणे, गंज खरवडणे, काळा रंग मारणे, ताट्या बदलणे हा आमच्याकडे होळीच्या जोडीचा सणच. आता मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या कागदी ताट्याही आल्या आहेत. मूळ दोष तोच राहिला आहे, आणि तो पाण्यातच विरघळलेला आहे.

थोडा हिशेब करू. मध्यम कूलर तासाला २००० घनमीटर हवा फेकतो असे धरा. तिचे वजन सुमारे २१०० किलो. तिला १६ अंशांनी थंड करायचे तर वरच्या आकड्यांप्रमाणे तासाला जवळजवळ १४ लिटर पाणी उडून जाईल. पाणी उडते, क्षार उडत नाहीत. एका लिटरमध्ये ३०० मिलिग्रॅम क्षार असतील, तर तासाला चार ग्रॅमहून अधिक क्षार मागे राहतात. रोज दहा तास, साठ दिवस चालवला की अडीच किलो! विहिरीचे किंवा बोरचे पाणी असेल तर याहूनही अधिक. ते टाकीच्या तळाशी, ताटीवर पांढऱ्या पापुद्र्याच्या रूपात, आणि नळीच्या भोकांत बसतात. गाडीच्या छोट्या रेडिएटरमध्येही तोच चोर असतो. फक्त तेथे गरम पाण्यातून चुना खाली बसतो आणि त्यात इंजिनातला गंज मिसळतो.

भोके सगळी एकदम बुजत नाहीत. पंपापासून दूरच्या भोकांना दाब कमी, म्हणून ती आधी. मग त्या बाजूची ताटी वाळते. वाळलेल्या ताटीतून येणारी हवा ४४ अंशांची ती ४४ अंशांचीच. एक-तृतीयांश ताटी कोरडी असेल, तर २८ आणि ४४ यांचे मिश्रण ३३ अंशांच्या वर जाते. पण पंखा हे मिश्रण पूर्ण होऊ देत नाही. त्यामुळे समोर एका बाजूला गार झोत, दुसऱ्या बाजूला गरम. शिवाय फिरत्या पात्यांमुळे प्रवाह वळून बाहेर पडतो. गरम झोत नेमका कोरड्या ताटीच्याच अंगाने येईल असे नाही. म्हणून जाळीसमोर हात धरून निदान करू नये. कूलर बंद करून, प्लग काढून, मागे जाऊन ताट्या पाहाव्यात. प्लग काढून हे शब्द मुद्दाम लिहिले आहेत. पाणी, पत्रा आणि वीज एकत्र असलेली ही पेटी आहे. कूलरचा धक्का लागून माणसे दगावल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात येतात, आणि त्यांत पाणी भरायला गेलेली मुले असतात.

तर ते परीक्षा-दालन. पेपर संपल्यावर मी भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतून दोन तापमापी मागून घेतले. उजव्या बाकांवर २९, डाव्या बाकांवर ३५. कूलर बंद करून मागे गेलो. तीन ताट्यांपैकी दोन ठिबकत होत्या, तिसरीचा फक्त एक कोपरा ओला. नळीची भोके तपासली. ती नवी होती, एकही बुजलेले नव्हते. पंप नवा, पाणी भरपूर. मग पाणी तिकडे जात का नव्हते?

प्रयोगशाळेतले शिपाईमामा माझ्याबरोबर होते. त्यांनी टाकीत डोकावून पाहिले आणि म्हणाले, "सायेब, पाणी पाहा ना. इकडं चार बोटं, तिकडं दोन." टाकीतल्या पाण्याची रेघ पत्र्याला तिरपी होती. पाणी तिरपे राहत नाही, तेव्हा कूलर तिरपा होता. लोखंडी स्टँडच्या एका पायाखालची वीट सतत सांडणाऱ्या पाण्याने खचली होती. वरची भोकांची नळीही त्यामुळे एका बाजूला उतरती झाली होती आणि सगळे पाणी उताराच्या भोकांतून निघून जात होते. पंप बदलणाऱ्याने पंप पाहिला, ताट्या बदलणाऱ्याने ताट्या पाहिल्या. पूर्वीचा भिस्ती असता तर त्याला कोरडी ताटी पहिल्याच मिनिटाला दिसली असती.

आम्ही एका पारदर्शक नळीत पाणी भरून, गवंडी करतात तशी पातळी घेतली, खचलेली वीट काढली आणि पायाखाली फरशीचा तुकडा व नवी वीट दिली. अर्ध्या तासाने डावीकडे ३० आणि उजवीकडे २९ अंश होते. दुसऱ्या दिवशी पेपरच्या आधी तापमापी पुन्हा ठेवून पाहिले; फरक एका अंशाच्या आतच होता. चक्कर आलेली मुलगी त्या दिवशी डावीकडच्याच बाकावर बसली होती आणि तीन तास लिहीत होती. तिच्या अर्ध्या राहिलेल्या पेपरचे पुढे काय झाले ते प्राचार्यांच्या हाती होते. मी माझ्या टिपणात दोन्ही दिवसांची तापमाने लिहून दिली. शिपाईमामांनी त्या विटेवर चुन्याने फुली मारून ठेवली, कोणी उचलून नेऊ नये म्हणून.